कामट्या, खळ आणि फाउंड्रीची पट्टी

गेल्या वर्षीच्या नाताळात आमच्या घरावर विकतचा स्टार लागला. पप्पांना डिसेंबरभर रात्रपाळी होती, माझी सेमिस्टरची परीक्षा होती, आणि एका संध्याकाळी मम्मीने ड्यूटीवरून येता येता तो आणून सरळ माझ्या हातात दिला. प्लास्टिकचा, घडीचा. उघडून दोन चिमटे लावले की झाला. आत एलईडीची माळ, बटण दाबलं की सात रंगांत लुकलुकायची. दहा मिनिटांत काम संपलं. तो दवाने भिजला नाही, वाऱ्याने फाटला नाही, आणि जानेवारीत शहाण्यासारखी घडी होऊन माळ्यावर गेला. तक्रारीला जागाच नव्हती.

फक्त त्या वर्षी आमच्या घरात कोणी कोणावर ओरडलं नाही.

एरवी स्टार म्हणजे आमच्याकडे आठवडाभराचं भांडण. आगमनकाळाचा पहिला रविवार उलटला की पप्पा बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणायचे. मग त्या तासायच्या, म्हणजे बोटात कुसळं जायची. मग खळ शिजवायची, म्हणजे मम्मीचं पातेलं करपायचं. मग कागदाचा रंग ठरवायचा, म्हणजे भावाचं आणि माझं जुंपायचं. आजी खुर्चीत बसून जपमाळ ओढता ओढता मधेच डोळे उघडून म्हणायची, ‘डावीकडं कललाय की गं.’ तो कललेला असायचाच. गेल्या वर्षी आजीला बोलायला काही उरलं नाही. तिने विकतच्या स्टारकडे एकदा बघितलं, ‘बरा आहे’ म्हणाली आणि परत डोळे मिटले.

हे बरं झालं की वाईट, ते मला वर्षभर ठरवता आलं नाही. म्हणून हा लेख. शिवाय यात मला एक कबुलीही द्यायची आहे. ती पुढे येईल. आधी स्टार कसा होतो ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात. आमच्याकडे एक मीटरच्या. पाच कामट्यांचा एक चपटा तारा, असे दोन तारे. हे दोन्ही एकावर एक ठेवायचे आणि पाच टोकं दोऱ्याने घट्ट बांधायची. मग आत, कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे पाच आखूड काड्या दोन ताऱ्यांच्या मध्ये खोचायच्या. काड्या बसल्या की चपट्या ताऱ्याला एकदम पोट येतं. हा क्षण मला अजून आवडतो. तोपर्यंत जमिनीवर नुसत्या काटक्या पडलेल्या असतात, पाचवी काडी बसते आणि वस्तू उभी राहते. मग पतंगाचा कागद. खळ मैद्याची, पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवलेली, आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर कीड कागद खाते. मागच्या बाजूला एक तुकडा मोकळा सोडायचा, तिथून बल्ब आत जातो. बल्ब कागदापासून चार बोटं तरी लांब हवा. पूर्वी साठचा पिवळा बल्ब असायचा तेव्हा ही चार बोटं फार महत्त्वाची होती. एका वर्षी ती तीन झाली होती आणि स्टारला बशीएवढं तपकिरी भोक पडलं होतं.

आठवीत असताना मी सहज पट्टी लावून बघितलं, की मीटरच्या कामटीवर बाकीच्या दोन कामट्या कुठे छेदतात. एका टोकापासून अडतीस सेंटीमीटरवर एक, बासष्टवर दुसरी. दुसरी कामटी घेतली, तेच. पाचही कामट्यांवर तेच. मी पप्पांना विचारलं, हे तुम्ही मोजून करता का? ते म्हणाले, नाही, टोकं नीट बांधली की ते आपोआप तिथंच येतं. तो आकडा मी वहीत लिहून ठेवला. पुढे अकरावीत गणिताच्या मॅडमनी सुवर्णगुणोत्तर शिकवलं, १.६१८ वगैरे, फळ्यावर पंचकोनी तारा काढला आणि वर्गाला विचारलं, छेदनबिंदू कुठे येईल? मी बसल्या जागी म्हटलं, अडतीसवर. मॅडमना वाटलं मी पुढचा धडा वाचून आलेय. गणितात मला कौतुक मिळालेला तो पहिला आणि शेवटचा दिवस, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

बेळगावात स्टारची गोष्ट किल्ल्याशिवाय पुरी होत नाही. दिवाळीत आमच्या गल्लीतली पोरं किल्ला करतात. दगड, विटा, वर भिजवलेलं गोणपाट, त्यावर मातीचा लपका. कधी प्रतापगड, कधी सिंधुदुर्ग, आणि काहीच जमलं नाही की राजहंसगड, कारण तो जवळ आहे आणि चुकलं तर जाऊन बघता येतं. आम्हा मुलींकडे अळीव पेरायचं काम. (बुरुज मुलगे बांधणार, गवत मुली लावणार, हे कोणी ठरवलं ते माहीत नाही. एका वर्षी मी भांडून एक बुरुज घेतला. तो पडला. त्याविषयी गल्लीत अजून बोललं जातं.) तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा, आणि त्याची माती आम्ही घमेल्यातून आमच्या दारात आणून टाकायचो. नाताळच्या गोठ्याला तीच माती. मावळ्यांच्या पायाखालची माती दीड महिन्याने मेंढपाळांच्या पायाखाली. गोठ्याच्या हिरवळीला आम्ही नाचणी पेरतो, दहाएक दिवस आधी, म्हणजे पंचवीस तारखेला बरोबर बोटभर उंच होते. पण किल्ल्याच्या मातीत अळिवाचं एखादं बी राहिलेलं असायचंच. ते नाचणीच्या आधी उगवायचं आणि येशूबाळाच्या गव्हाणीशेजारी एकटंच ताठ उभं राहायचं. ते उपटायचं नाही असा आमच्या घरचा नियम आहे.

आता बाजारात तयार किल्ले मिळतात. तट, बुरुज, पायऱ्या, सगळं एका तुकड्यात, वर रंग मारलेला. तयार गोठेही मिळतात. मी त्यांची टिंगल करणार होते, पण लिहिताना आठवलं, की आमच्या हातच्या किल्ल्यावरचे मावळे, तोफा आणि महाराज आम्ही दरवर्षी विकतच आणत होतो. गोठ्यातली मारिया, जोसेफ आणि तीन राजेही विकतचेच. एका राजाचं नाक गेलंय, तरी नवीन आणत नाही, एवढाच काय तो आमचा हातभार. तेव्हा ‘आम्ही सगळं स्वतः करतो’ हे म्हणणारा कोणीही जरा खोटंच बोलत असतो. बांबू आम्ही लावला नाही, मैदा आम्ही दळला नाही, दोरा आम्ही कातला नाही.

दोरा कातण्यावरून आठवलं. डिसेंबर १९२४ मध्ये आपल्या याच गावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष होते, आणि काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी तेवढ्या एकाच वेळी भूषवलं, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. टिळकवाडीतली काँग्रेसची विहीर बघून आलो नाही असा आपल्यात कोणी नसेल. पण त्या अधिवेशनातली एक गोष्ट मला आत्ता आत्ता वाचायला मिळाली. आधी काँग्रेसचा सभासद व्हायला चार आणे लागत. बेळगावात ठरलं, की आता पैशाऐवजी महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं, स्वतः कातलेलं. इथवर ठीक. पण त्याच ठरावात पुढे एक सवलत आहे. आजारपण असेल, इच्छा नसेल किंवा असंच काही कारण असेल, तर तेवढंच सूत दुसऱ्याने कातलेलं दिलं तरी चालेल.

‘इच्छा नसेल तर.’ मी हे दोनदा वाचलं. अख्ख्या देशाला स्वतःच्या हाताने कातायला सांगणाऱ्या ठरावात ही फट ठेवली होती. गांधीजींनी ती नाइलाजाने ठेवली असणार, कारण स्वराज्य पक्षाच्या पुढाऱ्यांशी समेट करायचा होता, आणि त्यातल्या अनेकांचा चरख्यावर विश्वास नव्हता. दुसऱ्याच वर्षी, १९२५ मध्ये, ही सुताची सक्ती गेली आणि चार आण्यांचा पर्याय परत आला. म्हणजे काम कोणी तरी केलेलं असावं आणि नाव आपलं लागावं, ही आपली इच्छा मोबाइल यायच्या फार आधीची आहे. फरक इतकाच, की तेव्हा विकत घेतलेलं सूतसुद्धा कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी बाईने, कंबर मोडेपर्यंत बसून कातलेलं असायचं.

आता कबुली.

गेल्या वर्षी आपल्या साहित्य मंडळाची ललित निबंध स्पर्धा झाली. विषय होता ‘माझी गल्ली’. मला दुसरं बक्षीस मिळालं. तो निबंध मी लिहिला नव्हता. परीक्षा, प्रोजेक्ट, आणि रात्री साडेअकराची वेळ. मी फोनमधल्या एआयला चार ओळी सांगितल्या, त्याने अर्ध्या मिनिटात नऊशे शब्द दिले. मी दोन ठिकाणी शब्द बदलले, खाली नाव घातलं आणि पाठवून दिला. त्या निबंधात गल्लीच्या तोंडाशी एक जुना वड होता. वडाच्या पारावर संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांची बैठक होती, पारंब्यांना मुलं लोंबकळत होती, आणि वडाखाली भाजी विकणारी एक आजी होती, जिला सगळी गल्ली मावशी म्हणायची. वाचायला छान होतं. खोटं सांगत नाही, मला स्वतःला वाचताना भरून आलं होतं.

आमच्या गल्लीत वड नाही.

बक्षीस समारंभानंतर चहाच्या वेळी परीक्षक म्हणून आलेले सर मुद्दाम माझ्यापाशी आले. ‘तो वड फार आवडला. आहे का अजून?’ मी म्हटलं, ‘नाही सर. रस्ता रुंद करताना तोडला.’ सरांना खरोखर वाईट वाटलं. ‘अरेरे’ म्हणाले आणि त्यांच्या लहानपणीच्या गावातलं एक झाड कसं तोडलं ते पाच मिनिटं सांगत राहिले. त्यांचं झाड खरं होतं. मी हातात चहाचा कप धरून, कधी नसलेल्या झाडाचं सुतक पाळत उभी होते.

घरी पप्पांनी तो निबंध फोनवर वाचला. पप्पा उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर आहेत. शिक्षण दहावी, पण पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘चांगलं लिहिलंय. कुणाची गल्ली?’

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाटलं, की विषय कुठल्या तरी दुसऱ्या गल्लीचा असेल. मी ‘कल्पनेतली’ असं काहीतरी म्हणून आत गेले. बक्षीस म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मिळालं होतं. शाळेचं तोंड न बघितलेली एक बाई लग्नानंतर अक्षरं शिकते, आणि मग आपलं भांडण, आपलं सोवळं, आपली फजिती आपल्याच बोलीत लिहून ठेवते. नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ही तीच पुरं करते. ते पुस्तक वर्षभर माझ्या टेबलावर होतं. मी ते उघडू शकले नाही. त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

इथे कोणी म्हणेल, की एवढं काय त्यात? सगळेच करतात. होय, करतात, आणि सगळ्यांसाठी मी पोलीस होणार नाही. घरच्या न्यायालयात माझी बाजू आधीच कमकुवत आहे, कारण ‘हाताने करण्यातला आनंद’ हा शब्दप्रयोग मम्मीसमोर काढायची सोय नाही. मम्मी नर्स आहे. तिच्या लहानपणी घरात पाटा-वरवंटा होता आणि मसाला रोज वाटावा लागायचा. मी एकदा कौतुकाने म्हटलं, की वाटलेल्या मसाल्याची चव मिक्सरला नाही. ती म्हणाली, ‘वाटणारीला विचार. तिला चव लागायची नाही, खांदा लागायचा.’ आता आमच्याकडे इडलीचं पीठ पिशवीतून येतं, नाताळच्या करंज्या निम्म्या बेकरीतून येतात, आणि त्या ताटात आमच्या हातच्या कुलकुलांबरोबर मांडून शेजाऱ्यांकडे जातात. शेजाऱ्यांची दिवाळीची चकली तरी कुठं घरची असते? रोज करावं लागतं त्याचं कौतुक, ज्याला रोज करावं लागत नाही तो करतो. मम्मीचं हे म्हणणं मला पूर्ण पटतं. विकतच्या पिठाने तिला रोजचा जो तास मिळाला, त्यात ती झोपते. त्या झोपेवर माझं काही म्हणणं नाही.

पण मसाला वाटणं आणि निबंध लिहिणं यात फरक आहे, असं मला वाटतं. मसाला जेवणासाठी असतो, जेवण झालं की वाटणाऱ्याचं काम संपलं. निबंध कोणाच्या पोटात जाणार होता? तो कोणालाच नको होता. मंडळाला माझ्या नऊशे शब्दांची गरज नव्हती, परीक्षक सरांकडे वाचायला पुस्तकं होती. त्या स्पर्धेचा उपयोग एकच होता, की रात्री साडेअकराला मी खिडकीशी बसून आमच्या गल्लीत खरंच काय आहे ते बघावं. तेवढंच मी दुसऱ्याकडून करून घेतलं. पोहायला शिकायला गेलेल्या माणसाने दुसऱ्याला पाण्यात उतरवून यावं तसं.

वाचताना एक प्रयोग सापडला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी दाखवलं, की स्वतः जोडलेल्या खोक्याला किंवा स्वतः दुमडलेल्या कागदी पक्ष्याला माणसं जास्त किंमत देतात. हौशी लोकांना आपला वेडावाकडा पक्षी जवळजवळ तरबेज कारागिराच्या पक्ष्याइतका मोलाचा वाटला. फर्निचर जोडायला लावणाऱ्या कंपनीवरून याला ‘आयकिया परिणाम’ असं नाव पडलंय. पण त्याच प्रयोगात असंही निघालं, की वस्तू पुरी झाली नाही किंवा मोडून टाकली, तर ते प्रेमही जातं. इथे माझं जरा अडतं. माझा पडलेला बुरुज मला अजून प्रिय आहे. कदाचित गल्लीतल्या पोरांना तो माझ्यापेक्षा जास्त प्रिय असेल. शिवाय स्वतःच्या वस्तूला आपण जास्त किंमत देतो हा एक प्रकारचा भ्रमच झाला, आणि भ्रमासाठी कोणी आठवडाभर बोटात कुसळं घालून घेऊ नयेत. मला हवी असलेली गोष्ट वेगळी आहे. स्वतः केलेल्या वस्तूत चूक कुठे आहे ते आपल्याला माहीत असतं. विकतचा स्टार बंद पडला तेव्हा मी तो उलटासुलटा केला, दोनदा हलवला, आणि मम्मीला म्हटलं ‘गेला’. पप्पांचा स्टार कधीच ‘जात’ नाही. त्याची अमुक गाठ सैल होते, तमुक काडी सरकते. निबंधाचंही तसंच. वडाबद्दल मला विचारल्यावर मला तो तोडावा लागला, कारण त्याची दुसरी कुठलीच गोष्ट मला माहीत नव्हती.

साहित्याच्या वर्गात आपण फादर थॉमस स्टीफन्स शिकलो. हा इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्यात येतो, इथली भाषा शिकतो, आणि त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं जातं. मराठीत, ओवीत, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून छापलं रोमन लिपीत. (आपण व्हॉट्सअॅपवर अजून तसंच लिहितो, पण आपल्याकडे खिळे नसल्याची सबब नाही.) परीक्षेच्या उत्तरात आपण ‘परकीय असूनही’ असं लिहून मोकळे होतो. मला आता त्यातलं वेगळंच दिसतं. याच फादरांनी कोंकणीत धर्मशिक्षणाचं एक छोटं पुस्तकही केलं, ते पोर्तुगीज पुस्तकाच्या आधारावर, म्हणजे साचा तयार होता. पुराणाला मात्र तसा साचा पुरला नसता. कथा तयार होती, बायबलची. ओवी तयार होती, इथल्या संतांची. ऐकणारेही तयार होते, पुराण ऐकायची सवय असलेले, नव्याने ख्रिस्ती झालेले. सगळं सामान बाजारातलंच होतं म्हणा ना! पण ते एकत्र बांधायला माणसाला आधी त्या ओवीच्या आत जाऊन राहावं लागलं असणार, वर्षानुवर्षं. आमच्या कामट्याही बुरुडाच्याच असतात. टोकं बांधायला मात्र बसावं लागतं.

या वर्षी मी ठरवलं, की स्टार मी करणार, एकटी. पप्पांची पुन्हा रात्रपाळी, भाऊ हुबळीला. बुरुडाकडे जाऊन कामट्या आणल्या. एका शनिवारी पाच कामट्या मोजून कापल्या. माझी टेप सापडेना म्हणून पप्पांच्या पिशवीतली स्टीलची पट्टी घेतली. रविवारी मिस्साहून आल्यावर टेप सापडली, उरलेल्या पाच तिने मोजल्या. दोन तारे बांधले. टोकं जुळवायला घेतली आणि ती जुळेनात. फार नाही, अर्ध्या बोटाएवढं. ओढून बांधली. काड्या खोचल्या तर मागचा तारा फुगला आणि पुढचा ताणला. पाचवी काडी तीनदा निसटली. चौथ्यांदा निसटली तेव्हा मी ती भिंतीवर फेकली आणि मोठ्याने ओरडले. घरात कोणावर तरी ओरडलं गेलं याचं आजीला समाधान वाटलं असावं, कारण तिने जपमाळ बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘काय करूलैस गं?’

संध्याकाळी पप्पा उठले. कामटी हातात घेतली, पट्टी बघितली आणि हसायलाच लागले. ती साधी पट्टी नव्हती. ओतीव लोखंड गार होताना आक्रसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरकडे खास पट्टी असते, तिच्यावरचा प्रत्येक सेंटीमीटर किंचित लांब. माझ्या पाच कामट्या एकशे एक सेंटीमीटरच्या होत्या आणि पाच शंभरच्या. ‘लोखंडाची पट्टी बांबूला लावलीस,’ पप्पा म्हणाले. ‘एक तारा पॅटर्नचा झाला आणि एक कास्टिंगचा. बांबू काही आक्रसायचा नाही.’

एकवीस वर्षं पप्पा हेच काम करताना मी बघतेय. ती पट्टी वेगळी असते हे मला त्या दिवशी कळलं. पप्पांच्या कामात गार होऊन लहान होणाऱ्या वस्तूसाठी आधीच जागा ठेवलेली असते, हेही त्या दिवशीच. विकतचा स्टार आणला असता तर ही गोष्ट मला आयुष्यात कोणी सांगितली नसती, कारण ती सांगायचं कारणच पडलं नसतं.

पप्पा म्हणाले, सोड, पाच कामट्या परत काप. मी म्हटलं, नाही, असाच लावू. मग थोडं भांडण झालं.

आता मंडळाला एक सूचना. या वर्षीच्या स्पर्धेत निबंध वर्गात बसवून लिहून घ्यावेत, मोबाइल बाहेर ठेवावेत, असं काहींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. परीक्षा आपल्याला पुष्कळ आहेत. त्यापेक्षा पक्क्या निबंधाबरोबर कच्चा खर्डाही मागावा. खाडाखोड केलेला, चहा सांडलेला, अर्धं वाक्य सोडून दिलेला. एआयला खर्डाही करता येईल, हे मला माहीत आहे. पण खोटी खाडाखोड करत बसण्यापेक्षा खरी करणं सोपं आहे, एवढा आळस माझ्यात आहे आणि तुमच्यातही असेल. आणि परीक्षकांनी बक्षीस देण्याआधी मुलाला एक तरी प्रश्न विचारावा. नंतर चहाला नव्हे, आधी.

माझं ‘स्मृतिचित्रे’ मी मंडळाच्या कपाटात परत ठेवलंय. ते दुसऱ्या कोणाला तरी द्या. मला वाचायचं आहे, पण मी ते लायब्ररीतून घेईन. सरांना मी पत्र लिहिलंय, वड तोडलेला नाही म्हणून. उत्तर अजून आलेलं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेचा डबा आहे, त्याच्यावर ‘धोका’ असं कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लिहिलेलं आहे, आणि खाली कोणीतरी खडूने मराठीत. डब्यामागे एक शेवगा आहे. तो कोणी लावला ते कोणालाच माहीत नाही, पण शेंगा धरल्या की त्या कोणाच्या यावरून दरवर्षी वाद होतो. त्याच्या खाली कोणी बसत नाही, कारण शेवग्याची फांदी कधी मोडेल सांगता येत नाही. आमचा स्टार त्याच शेवग्याच्या समोर येतो. या वर्षी तो डावीकडे कललाय आणि मागून फुगलाय. साठचा बल्ब दुकानात मिळाला नाही, म्हणून गेल्या वर्षीच्या स्टारमधली माळ काढून यात घातली. ती बटण दाबलं की अजून सात रंगांत लुकलुकते, आणि बंद पडली की भाऊ हुबळीहून फोनवर सांगतो, कुठली वायर दाबायची ते.